नेत्रहीन गणिती लिओनार्ड ऑयलर

पाश्चात्य गणितशास्त्राच्या इतिहासात असे काही मोजके ग्रंथ झाले की, त्यांच्या योगाने पुढील पिढ्यांच्या विचाराची दिशाच ठरून गेली. ख्रिस्तापूर्वी सुमारे ३०० वर्षे युक्लिड याने रचिलेली भूमितीची मूलतत्त्वे, १६३७ साली देकार्त याने प्रसिद्ध केलेली भूमिती आणि १६८७ साली बाहेर पडलेला न्यूटनचा प्रिन्सिपिया हे त्यांपैकी प्रमुख होत. ह्यांची थोरवी सर्वमान्य आहे. तथापि न्यूटनचा ग्रंथ हाती घेऊन एखाद्या नवशिक्याने एकट्याने त्यातून वाट काढावी, इतका तो सुगम नाही. थोर शोध लावणे ही एक शक्ती आहे आणि तो शोध दुसऱ्याच्या गळी उतरेल अशा रीतीने लिहून ठेवणे ही दुसरी. ह्या दोन्ही शक्ती ज्याच्या ठायी एकवटल्या होत्या, अशा एका पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असे आम्ही ह्या वेळी योजिले आहे. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म स्वित्झर्लंडातील बाझेल ह्या शहरी १५ एप्रिल १७०७ रोजी झाला. त्याचे वडील पाउल ऑयलर हे रिफॉर्म्ड मंडळीचे पाळक होते व आई मार्गारेटा ही पाळकाचीच कन्या होती. लिओनार्ड लहान असतानाच वडिलांची नेमणूक बाझेलनजीकच्या रीहेन गावी झाली व त्याचे बाळपण त्या गावात गेले. पाउल ऑयलर यांनी तरुणपणी बाझेल विद्यापीठात याकोब बर्नुली ह्या नामांकित गणितज्ञाची व्याख्याने ऐकिली होती. त्यामुळे मुलास गणिताचे पहिले धडे घरीच, वडिलांच्या तोंडून मिळाले. पुढे त्याला बाझेल येथे आजीच्या घरी ठेवून शाळेत घातले. परंतु त्या शाळेत गणित हा विषय शिकवीतच नसत! ज्या विषयात हा मुलगा जगास चकित करणार होता, त्या विषयाला त्याच्या शाळेत जागा नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१७२० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, लिओनार्ड विद्यापीठात दाखल झाला. याकोबचा धाकटा भाऊ योहान बर्नुली हा त्या वेळी तेथे गणिताचा प्राध्यापक असून सर्व युरोपात त्याचा दरारा होता. आपणास खासगी शिकवणी द्यावी अशी विनंती घेऊन हा मुलगा त्याच्याकडे गेला. बर्नुलीस फुरसत नव्हती. त्याने शिकवणी नाकारली. परंतु त्याबरोबरच त्याने एक अधिक मोलाची सवलत दिली. मुलाने कठीण कठीण ग्रंथ स्वतःच वाचावे, जेथे अडेल तेथे खूण करून ठेवावी आणि दर शनिवारी दुपारी येऊन त्या अडचणी विचाराव्या, असे ठरले. आता थोर गुरूपुढे फार प्रश्न घेऊन जाण्याची कोणासही लाज वाटणारच. म्हणून लिओनार्ड आठवडाभर झटून प्रश्नांची संख्या होईल तितकी कमी करी. आणि एक अडचण उलगडली की तिच्यामागे लपलेल्या दहा आपोआप नाहीशा होतात, असा अनुभव त्यास येऊ लागला. गणित शिकण्याची ह्याहून चांगली रीत नाही, असे त्याने पुढे आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेविले आहे. प्रत्येक उदाहरण शिक्षकांनी फळ्यावर सोडवून द्यावे, अशी अपेक्षा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या शनिवारांचा विचार करावा.

१७२३ साली लिओनार्डने पदवी घेतली. वडिलांची इच्छा अशी की, मुलाने आपल्याप्रमाणेच पाळक व्हावे. आज्ञाधारक मुलगा ईश्वरविज्ञान, ग्रीक व हिब्रू ह्यांच्या अभ्यासास लागलाही. पण त्याचे मन आकड्यांकडे धाव घेई. अखेरीस बर्नुलीने मध्यस्थी केली व ह्या मुलाचा जन्म गणितासाठी झाला आहे, हे बापास पटवून दिले. पाउल ऑयलर यांनी मनातली वर्षानुवर्षांची आशा बाजूला ठेविली आणि मुलास त्याच्या वाटेने जाऊ दिले. ऑयलरच्या चरित्रात ह्या गोष्टीस पुष्कळदा एकच ओळ मिळते. परंतु आमच्या पालकवर्गाने येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. मुलगा धर्मनिष्ठा सोडून गेला असे मुळीच झाले नाही. पुढे राजदरबारच्या शहरांत राहूनही ऑयलर रोज रात्री आपल्या कुटुंबास व नोकरचाकरांस एकत्र करून पवित्र शास्त्रातील अध्याय वाची व प्रार्थना करी. आणि नास्तिकपणा हा विद्वत्तेचे भूषण समजला जात होता त्या काळी, १७४७ साली, त्याने ईश्वरी प्रकटीकरणाच्या समर्थनार्थ एक छोटे पुस्तकही लिहिले. बापाने पेशा बदलू दिला. संस्कार मुलाबरोबर गेले.

बाझेलमध्ये पदार्थविज्ञानाची प्राध्यापकी रिकामी झाली तेव्हा एकोणीस वर्षांच्या ऑयलरने अर्ज केला, पण ती जागा त्यास मिळाली नाही. त्याच सुमारास जहाजांची डोलकाठी कोठे उभारावी ह्या विषयावर पॅरिसच्या अकादमीने बक्षीस लाविले होते. ज्याने समुद्रावरचे जहाज डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा ह्या डोंगराळ देशातील मुलाने त्यावर निबंध पाठविला व त्यास दुसरे स्थान मिळाले! पुढे ह्याच अकादमीची बक्षिसे त्याने बारा वेळा मिळविली. १७२७ च्या एप्रिलात बाझेल सोडून तो रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथील नव्या अकादमीत नोकरीस निघाला. योहान बर्नुलीचा मुलगा डॅनिएल हा तेथे आधीच होता व त्यानेच ही खटपट केली होती. दैवयोग असा की, ऑयलरने १७ मे रोजी पीटर्सबर्ग गाठले, त्याच दिवशी अकादमीची आश्रयदात्री सम्राज्ञी पहिली कॅथरीन मरण पावली. अकादमीचे पुढे काय होणार ह्याची सर्वांस धास्ती पडली; परंतु ऑयलर नेटाने राहिला. १७३३ साली डॅनिएल बर्नुली स्वदेशी परतला व गणिताची मुख्य जागा सव्विसाव्या वर्षी ऑयलरकडे आली. पुढच्याच वर्षी स्विस चित्रकार गेऑर्ग ग्झेल यांची कन्या कातारिना हिच्याशी त्याचा विवाह झाला.

ह्या पीटर्सबर्गच्या वर्षांत त्याच्या बुद्धीचा प्रताप प्रथम दिसला. तीन चार उदाहरणे शाळेतल्या मुलांसही समजण्याजोगी आहेत. ३ ही संख्या घ्यावी. तीतून एक वजा करून राहिलेल्याचा वर्ग करावा व त्यात एक मिळवावा, म्हणजे ५ येतात. ५ वर हीच क्रिया केल्यास १७, त्यापुढे २५७ व त्यापुढे ६५५३७ येतात. ह्या सर्व मूळ संख्या आहेत. अशा रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे फर्मा ह्या थोर फ्रेंच गणितज्ञाचे मत होते. पुढली संख्या ४२९४९६७२९७ ही आहे. इतक्या मोठ्या संख्येचे अवयव कोण शोधीत बसणार? ऑयलरने १७३२ साली दाखवून दिले की, तीस ६४१ ने पूर्ण भाग जातो. थोरामोठ्यांचे मतदेखील तपासून घ्यावे, हा धडा ह्यात आहे. कोणीही विद्यार्थी पाटीवर भागाकार करून ह्याची खात्री करून घेऊ शकेल. भागाकार ६७००४१७ येतो.

दुसरे उदाहरण श्रेढीचे. एक, अधिक एकचतुर्थांश, अधिक एकनवमांश, अधिक एकषोडशांश, ह्याप्रमाणे सर्व पूर्णांकांच्या वर्गांचे व्यस्त घेऊन अनंतापर्यंत बेरीज केली तर ती किती होईल? इटलीतील मेंगोली याने सतराव्या शतकाच्या मध्यास हा प्रश्न मांडिला होता व बर्नुली बंधूंसही तो सुटला नव्हता. ऑयलरने १७३५ साली उत्तर काढिले: वर्तुळाचा परीघ व व्यास ह्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून त्यास सहाने भागावे, म्हणजे सुमारे १.६४४९३४. पूर्णांकांच्या वर्गांचा वर्तुळाशी काय संबंध, हे पाहून सर्व युरोपातील पंडित थक्क झाले.

तिसरे उदाहरण कोनिग्जबर्ग शहराच्या सात पुलांचे. हे शहर आता रशियात असून त्याचे नाव कालिनिनग्राद आहे. तेथे नदीच्या फाट्यांमुळे चार भूभाग झाले होते व त्यांस सात पूल जोडीत. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व शहर फिरून येता येईल काय, असा तेथील लोकांचा एक गमतीचा प्रश्न होता. ऑयलरने विचार केला की, ज्या भूभागातून आपण केवळ पुढे जातो, त्यात जितक्या वेळा शिरावे तितक्याच वेळा बाहेर पडावे लागते. म्हणून त्याच्या पुलांची संख्या सम पाहिजे. विषम पुलांचे भूभाग फार तर दोन चालतील, एक आरंभाचा व एक शेवटचा. पण कोनिग्जबर्गात एका भूभागास पाच व बाकीच्या तिन्हींस तीन तीन पूल होते. तेव्हा अशी फेरी अशक्य! अंतरे न मोजता केवळ जोडणीचा विचार करणाऱ्या एका नव्या शास्त्राचा हा आरंभ होय. चौथे उदाहरण घनाकृतींविषयीचे, ते त्यास पुढे १७५० साली सुचले. सपाट बाजूंची एखादी पेटी घेऊन तिचे कोपरे व बाजू मोजाव्या. त्यांची बेरीज कडांच्या संख्येहून दोनाने अधिक भरते. खडूच्या पेटीचे कोपरे ८, बाजू ६, कडा १२. पिरॅमिडावरही हाच प्रयोग करून पाहावा.

आमच्या देशाशीही त्याचा एक संबंध ह्याच काळात आला. १७३८ साली पीटर्सबर्ग येथे बायर ह्या विद्वानाचा बाख्त्रियातील ग्रीक राज्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तमिळ देशातील तरंगमबाडी येथील डॅनिश मिशनचे मिशनरी वाल्टर ह्यांनी हिंदू लोकांच्या कालगणनेविषयी लिहिलेली माहिती त्यात छापिली असून, हिंदूंच्या सौर वर्षावर ऑयलरने लिहिलेला एक लेखही त्यास जोडिला आहे. म्हणजे आमच्या पंचांगाचा हिशेब त्या काळच्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञाच्या मेजावर जाऊन पोहोचला होता.

परंतु ह्याच सुमारास संकटांनीही घर शोधीत येण्यास आरंभ केला. १७३५ साली ऑयलर तापाने मरणोन्मुख झाला. त्यातून तो बचावला, पण १७३८ साली त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशांच्या बारीक कामाने डोळा गेला, असे तो स्वतः म्हणे. हल्लीचे वैद्यकतज्ज्ञ तो आजाराचा परिणाम मानतात. त्यास एकंदर तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच बाळपण ओलांडून जगली. ह्या दुःखाची कल्पना ज्यांनी ते भोगिले आहे त्यांनाच येईल. तरीही मांडीवर मूल घेऊन, इतर मुले भोवती खेळत असताना तो गणिते लिहीत बसे, असे त्यास पाहिलेल्यांनी सांगून ठेविले आहे.

१७४१ साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून ऑयलर बर्लिनास गेला व तेथे त्याने पंचवीस वर्षे काढिली. वडील वारल्यावर १७५० साली त्याने आईस आपल्याजवळ आणिले व तिच्या अखेरपर्यंत तिचा सांभाळ केला. बर्लिनातच त्याचे महान ग्रंथ तयार झाले. अनंत राशींच्या विवेचनाची प्रस्तावना हा त्याचा दोन खंडांचा लॅटिन ग्रंथ १७४८ साली लोझान येथे छापिला गेला. एक राशी बदलली असता तिच्यावर अवलंबून असणारी दुसरी राशी कशी बदलते, ह्या संबंधास गणितात फलन म्हणतात. ह्या फलनाची कल्पना ऑयलरने सर्व विषयाच्या मध्यभागी आणून बसविली. कॅल्क्युलस म्हणून जे उच्च गणित आमच्या महाविद्यालयांत शिकवितात, त्याचे प्रवेशद्वार म्हणजे हा ग्रंथ. त्यामागून १७५५ साली व पुढे १७६८ ते १७७० ह्या वर्षांत त्या शास्त्राच्या दोन्ही शाखांवर त्याने सविस्तर ग्रंथ लिहिले. पुढील शतकातील पाठ्यपुस्तके बहुधा ह्याच ग्रंथांवरून बेतिली गेली. परिघाच्या गुणोत्तराकरिता पाय हे ग्रीक अक्षर प्रथम विल्यम जोन्स याने १७०६ साली योजिले होते, पण ते सर्वत्र रूढ झाले ते ऑयलरच्या वापरामुळे. बेरजेचे सिग्मा हे चिन्ह, फलनाची खूण, उणे एकाच्या वर्गमुळाकरिता आय हे अक्षर, ही सर्व त्याचीच देणगी. विद्यार्थी आज वहीत जी चिन्हे सहज काढितो, त्यांतील कित्येक ह्या एकाक्ष पुरुषाच्या लेखणीतून उतरली आहेत.

इतके असून बर्लिनच्या दरबारात त्याची कदर व्हावी तशी झाली नाही. राजास फ्रेंच पद्धतीचे चुरचुरीत संभाषण व थट्टामस्करी प्रिय. ऑयलर साधा, अबोल, भाविक. राजमातेने त्याच्या अबोलपणाचे कारण विचारले असता, जेथे बोलणारास फाशी देतात अशा देशातून आपण आलो आहो, असे त्याने रशियाविषयी सांगितल्याची आख्यायिका आहे. राजा त्याच्या एका डोळ्याची थट्टा करी व त्यास ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे नाव देई. राजाच्या त्या थट्टेस उत्तर म्हणून ऑयलरने काही लिहिले नाही. तो आपले काम करीत राहिला.

त्याच्या मनाचा मोठेपणा दाखविणारी एक गोष्ट ह्याच काळातील आहे. १७५५ साली इटलीतील तुरीन शहराहून लाग्रांज नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे त्यास पत्र आले. ज्या प्रश्नावर ऑयलरने कित्येक वर्षे श्रम केले होते, त्यावर त्या तरुणाने अधिक सोपी व व्यापक रीत शोधिली होती. दुसरा एखादा असता तर त्याने पत्र दडपून ठेविले असते किंवा घाईने आपला लेख छापून टाकिला असता. ऑयलरने त्या तरुणाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आणि त्याचे श्रेय त्यास पुरतेपणी मिळावे म्हणून स्वतःचे त्या विषयावरील लेखन मागे ठेविले. हाच लाग्रांज पुढे त्या शतकातील थोर गणितज्ञांत गणला गेला आणि १७६६ साली ऑयलर बर्लिन सोडून गेला तेव्हा त्याच्याच जागी त्याची नेमणूक झाली.

१७६६ साली दुसरी कॅथरीन हिच्या निमंत्रणावरून ऑयलर पीटर्सबर्गला परतला. वय एकोणसाठ. थोड्याच काळात उरलेल्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढून दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली. मोठ्या पाटीवर खडूने काढिलेली ठळक अक्षरेच काय ती त्यास दिसत. आपल्या लेखणीचा व्यवसाय येथे संपला, असे कोणीही मानिले असते. ऑयलरने मात्र ह्याच अंधारात, आमच्या मते त्याचे सर्वांत प्रेमळ असे पुस्तक रचिले. ते त्याचे बीजगणित होय.

बर्लिनहून येताना त्याने एक तरुण नोकर बरोबर आणिला होता. तो शिंप्याच्या हाताखाली काम शिकलेला होता. व्यवहारी हिशेब त्यास येत, पण गणितशास्त्राचा गंध नव्हता, बुद्धीही बेताचीच. ऑयलरने पुस्तक सांगण्यास सुरुवात केली व हा तरुण उतरून घेऊ लागला. ह्याला समजेल तरच पुढे जावयाचे, अशा धोरणाने ते पुस्तक पायरीपायरीने रचिले गेले. आरंभ अधिक व उणे ह्या चिन्हांपासून. उणे राशी म्हणजे काय? तर कर्ज. पदरी काही नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाची मालमत्ता शून्याहूनही कमी, हे शिंप्याच्या पोरास समजावून सांगावे लागत नाही. पुढे समीकरणे आली ती घरातल्या भाषेत: बापाने १६०० नाणी तीन मुलांस ठेविली, थोरल्यास मधल्यापेक्षा २०० अधिक व मधल्यास धाकट्यापेक्षा १०० अधिक द्यावी, तर प्रत्येकाचा वाटा किती? आमचे सहावी सातवीचे विद्यार्थी ७००, ५०० व ४०० हे उत्तर काढून पाहतील. अशा पायऱ्या चढत चढत ग्रंथ शेवटी अशा शिखरावर जातो की, एका घनसंख्येचे दोन घनसंख्यांत विभाजन होऊ शकत नाही, ह्या फर्माच्या कठीण सिद्धांताची चर्चाही त्यात येते. आणि ग्रंथ पुरा झाला तेव्हा तो लेखनिक, ज्याने केवळ ऐकून लिहिले होते, बीजगणितातील कठीण प्रश्न कोणाच्या मदतीवाचून सोडवू लागला होता! हा ग्रंथ १७६८ व १७६९ साली प्रथम रशियन भाषांतराच्या रूपाने व १७७० साली मूळ जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. १७७४ साली खुद्द लाग्रांजने पुरवणी जोडून तो फ्रेंच भाषेत आणविला आणि १७९७ साली तो इंग्रजीतही अवतरला. असंख्य शाळांतील बीजगणिताच्या पुस्तकांनी त्याचा कित्ता गिरविला.

ह्या बीजगणिताच्या उत्तरार्धात एक कोष्टक आहे व त्यात महाराष्ट्रीय वाचकास अभिमान वाटावा असे काही आहे. एखाद्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पूर्ण वर्ग यावा, तर ती संख्या कोणती? फर्माने १६५७ साली हा प्रश्न युरोपातील गणितज्ञांस आव्हान म्हणून घातला होता. ऑयलरच्या कोष्टकात उत्तर आहे: २२६१५३९८०, येणारा वर्ग १७६६३१९०४९ ह्या संख्येचा. हेच उत्तर भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ११५० च्या सुमारास, चक्रवाल ह्या रीतीने काढून ठेविले होते. खानदेशात चाळीसगावानजीक पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या कुळाची कीर्ती कोरिलेली आहे, तेच हे भास्कराचार्य. ऑयलरला त्यांच्या ग्रंथाची वार्ताही नव्हती. कोलब्रुक याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८१७ साली निघाले. सहाशेहून अधिक वर्षांच्या अंतराने दोन भिन्न देशांतील दोन माणसे एकाच सत्यापाशी येऊन पोहोचली. सत्याला देशाची सीमा नसते, ह्याचे ह्याहून सुंदर प्रत्यंतर शोधूनही सापडणार नाही.

सामान्य वाचकासाठी लिहिण्याची हौस ऑयलरने आणखी एका ग्रंथात पुरविली आहे. बर्लिनमध्ये असताना, १७६० ते १७६२ ह्या काळात, एका जर्मन राजकन्येस प्रकाश, ध्वनी, गुरुत्वाकर्षण, तर्कशास्त्र इत्यादी विषय समजावून देण्याकरिता त्याने २३४ पत्रे लिहिली होती. ती १७६८ ते १७७२ ह्या वर्षांत छापिली गेली व अनेक भाषांत वाचली गेली. राजकन्या असो वा शिंप्याचा उमेदवार असो, शिकणाराची पायरी ओळखून खाली उतरणे ह्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

१७७१ साली त्याच्यावर दोन आघात झाले. मे महिन्यात पीटर्सबर्गला मोठी आग लागून त्याचे घर भस्मसात झाले. आंधळा म्हातारा आत अडकला असता, ग्रिम नावाचा बाझेलचाच एक कारागीर आगीत शिरला व त्याने त्यास खांद्यावर घालून बाहेर काढिले. हस्तलिखितेही बहुतेक वाचली. त्याच वर्षी मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली व दृष्टी परत आली! परंतु तो आनंद काही दिवसांचाच ठरला. डोळ्यात विकार होऊन पुन्हा कायमचा अंधार झाला. १७७३ साली पत्नीही वारली. मनुष्य ह्यापेक्षा अधिक काय गमावू शकतो? आणि तरी त्याच्या सर्व लेखनापैकी जवळजवळ निम्मे ह्याच शेवटच्या वर्षांतील आहे. त्याची स्मरणशक्ती अलौकिक होती. व्हर्जिलचे संपूर्ण महाकाव्य त्यास मुखोद्गत होते. मनातल्या मनात गणित करावे व मुलगा योहान आल्ब्रेख्ट किंवा बाझेलहून आलेला तरुण निकोलाउस फुस ह्यांजकडून उतरून घ्यावे, असा क्रम चाले. १७७२ साली त्याने चंद्राच्या गतीवरील आपला दुसरा मोठा ग्रंथ ह्याच रीतीने पुरा केला. चंद्रगतीचे हे ज्ञान केवळ पंडितांच्या करमणुकीचे नव्हते. त्यावरून भर समुद्रात जहाजाचे स्थान कळत असे. त्याच्या पूर्वीच्या चंद्रविषयक संशोधनाबद्दल इंग्लंडच्या पार्लमेंटाने १७६५ साली त्यास ३०० पौंड बक्षीस दिले होते.

१८ सप्टेंबर १७८३ हा त्याच्या आयुष्याचा अखेरचा दिवस. त्या वर्षी फ्रान्सात माणसाने प्रथमच विमान-फुगे आकाशात सोडिले होते. त्यांच्या वर चढण्याचे गणित त्याने पाटीवर केले. नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी सहकाऱ्यांशी बोलणे केले. नातवाशी खेळत असता त्यास मस्तकात रक्तस्राव झाला व त्या रात्री वयाच्या ७६ व्या वर्षी त्याने देह ठेविला. त्याचे अप्रकाशित लेख इतके होते की, पीटर्सबर्गची अकादमी ते पुढे सुमारे पन्नास वर्षे छापीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी एनेस्ट्रोम याने त्याच्या लेखनाची यादी केली, ती ८६६ पर्यंत गेली. १९११ साली सुरू झालेल्या त्याच्या समग्र ग्रंथमालेचे खंड ऐंशीच्या घरात गेले आहेत.

ऑयलरची बुद्धी प्रत्येकास मिळेल असे आम्ही म्हणत नाही; ती ईश्वरी देणगी होय. पण त्याच्या चरित्रातील जे भाग बुद्धीवर अवलंबून नाहीत, ते कोणाच्याही आवाक्यातले आहेत. अडचणींची यादी शनिवारपर्यंत आपण होऊन कमी करणे, ही उद्योगाची गोष्ट आहे. आपल्याहून तरुण माणसाचे श्रेय त्याचे त्यास देणे, ही न्यायबुद्धीची गोष्ट आहे. राजाच्या थट्टेने कडवट न होणे, ही नम्रतेची गोष्ट आहे. आणि पालकांसाठी रीहेनच्या त्या पाळकाचे उदाहरण आहे, ज्याने मुलाची खरी ओढ ओळखून स्वतःची इच्छा मागे घेतली.

शिक्षकवर्गाविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे. ज्याच्यापुढे युरोपातील पंडित माना लववीत, त्याने आपल्या पुस्तकाची परीक्षा घेण्यास अकादमीतील सभासद निवडिला नाही. सुईदोरा सोडून आलेला एक नोकर निवडिला, आणि तो उत्तीर्ण झाला तेव्हाच पुस्तक उत्तीर्ण झाले असे मानिले. वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा समजला की नाही, ह्यावर आपला पाठ तोलून पाहण्याचे धैर्य आम्हां शिक्षकांच्या अंगी येवो. आणि त्या बाकावर बसणाऱ्या मुलाने हे जाणावे की, जगातील एक थोर बीजगणित त्याच्यासारख्याच एका मुलास समोर बसवून लिहिले गेले आहे.